अलॉय चकाचक, पण नट ढिले! मॅगव्हीलची निगा राखताना काय पाहावे

रमजान संपला की लग्नांचा मोसम सुरू होतो. मग मोमीनपुरा असो की जाफरनगर, घरोघरी गाडी धुणे, पॉलिश करणे, सीटकव्हर बदलणे अशी धांदल उडते. गेल्या शव्वालमध्ये आम्हीही तेच केले. जालन्याला भाचीचा निकाह होता. आमची सेकंडहँड स्विफ्ट आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेल्या अलॉय चाकांसह आमच्याकडे आली होती. चाकांचा रंग उडालेला होता, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ती एका दुकानात रंगवून घेतली. चारही चाके नव्यासारखी दिसू लागली. घरचे खूश, आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो. वर्ध्याच्या आसपास गाडीने नव्वदचा वेग ओलांडला, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "सीट थरथरतेय रे." स्टिअरिंग मात्र शांत होते. काँक्रीटचा रस्ता आहे, थोडे होणारच, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने मागून टक टक असा आवाज येऊ लागला. या रस्त्यावर कडेला उभे राहणे धोक्याचे, म्हणून इंडिकेटर लावून हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. मागच्या डाव्या चाकाचे चारपैकी दोन नट हाताने फिरत होते!

तिथे एक ट्रकवाले चाचा चहा पीत होते. त्यांनी वाकून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "मास्टरसाब, रंग नट के नीचे भी मारा क्या?" आम्हाला तेव्हा प्रश्नच कळला नाही. आता कळतो.

शाळेत घर्षण शिकवताना आम्ही ब्रेकचे उदाहरण देतो, चाकाचे कधी दिले नव्हते. गाडीचे वजन नट-बोल्टवर टांगलेले असते असे आपल्याला वाटते. खरे तर नट चाकाला हबवर जोरात दाबून धरतात आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. नट जिथे बसतो ती जागा आणि हबला टेकणारी चाकाची मागची बाजू, दोन्ही ठिकाणी धातूला धातू भिडला पाहिजे. मध्ये रंगाचा जाड थर आला की तो गाडी चालताना दबतो, पिचतो. नट फिरलेला नसतानाही त्याचा ताण कमी होतो, आणि मग तो फिरायलाही लागतो. गंज आणि चिखलाचेही तेच. म्हणून चाक रंगवायचे असेल तर नटांची भोके आणि मागची सपाट जागा झाकून रंगवायला सांगा, आणि परत बसवण्यापूर्वी स्वतः बघा.

आमच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट केली होती. चाकाच्या मधल्या भोकातली प्लास्टिकची गोल रिंग काढली आणि परत लावलीच नाही. बाहेरची अलॉय चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मोठे ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिलिमीटर. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा. ही फट भरून चाक बरोबर मध्यावर बसवण्याचे काम ती रिंग करते. तिला हब रिंग म्हणतात. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, थरथर जात नाही. लक्षात ठेवायची साधी खूण अशी, की स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढच्या चाकात दोष, सीट हलत असेल तर मागच्या. अम्मींनी निदान अगदी बरोबर केले होते!

नट किती आवळायचे, याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीचा आकडाच पाहावा. पान्यावर उभे राहून उड्या मारणे ही आपल्याकडची जुनी पद्धत, ती सोडा. हवेच्या गनने खडखड करून दिलेले चाकही तसेच सोडू नका. जास्त आवळल्याने बोल्ट ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. गनने नुसते टेकवून शेवटचा आवळा टॉर्क रेंचने द्यायला सांगावे, एकानंतर त्याच्या समोरचा अशा क्रमाने. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण मग त्याच आकड्यावर बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो. आणि चाक उघडून परत बसवले असेल तर ८०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. आम्ही हे न करता थेट लांबच्या सफरीला निघालो, तीच चूक.

आता धुण्याबद्दल. चाकावर बसणारी काळी पूड म्हणजे ब्रेकची झीज. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात आणि ते वरच्या पारदर्शक थरात रुततात. ही पूड काढायला काही वॉशिंग सेंटरवाले ॲसिड मारतात, काही जण घरी संडास साफ करायचे ॲसिडच वापरतात. चाक क्षणात पांढरे होते खरे, पण ॲसिड ॲल्युमिनियम खाते. गाडीचा साधा शाम्पू, मऊ ब्रश आणि दर पंधरवड्याला दहा मिनिटे पुरतात. चाक थंड असताना, सावलीत धुवा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गरम चाकावर शाम्पू टाकला की तो तिथेच सुकतो, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळेच. धुतल्यावर फडक्याने पुसून घ्या. अर्ध्या रुपेरी, अर्ध्या काळ्या डायमंड-कट चाकांची जास्त काळजी घ्यावी लागते. फुटपाथला घासून थर निघाला की पावसाळ्यात आतून पांढऱ्या रेषा पसरत जातात.

धुताना चाकाची आतली बाजूही बघा. लोखंडी रिम खड्ड्यात बहुधा वाकते, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा आतल्या कडेला असतो. टायरमध्ये खिळा नाही, तरी दर आठवड्याला हवा कमी होते? साबणाचे पाणी लावून रिम तपासा. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून देणारे भेटतील. हो म्हणू नका. अलॉयची ताकद कारखान्यातल्या ठरावीक उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगची आच त्या जागेची ताकद घटवते.

तरुण मुलांना चाक मोठे हवे असते. स्विफ्टचे १६५/८० आर१४ टायर काढून १९५/५५ आर१६ लावले तर एकूण उंची जवळपास तीच राहते, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण टायरची बाजूची भिंत १३२ वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा मार झेलणारे रबर तेवढे कमी झाले. म्हणून अशा चाकांत हवा कमी ठेवणे फार महागात पडते. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरावी. मापे बदलली असतील तर भाराचा आकडाही जुळतोय का ते टायरवाल्याकडून तपासून घ्यावे. दुपारी वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, तिथे कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

कायद्याचेही बघा. नोंदणीत नोंदवलेल्या कंपनीच्या मूळ मापांविरुद्ध गाडीत फेरबदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी जे माप देते, तिथपर्यंत राहिलेले बरे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. सेकंडहँड गाडी घेताना तर हे आधी विचारा, आम्ही विचारले नव्हते.

त्या दिवशी चाचांच्या पान्याने नट आवळून, वेग साठवर ठेवून जालना गाठले. निकाह होऊन गेला होता, जेवण मात्र मिळाले. परत आल्यावर रंग खरवडून रिंगा बसवल्या. डिकीत आता टॉर्क रेंच असतो, आणि स्टेपनीचे मूळ चार नटही एका डब्यात ठेवलेत. होंडासारख्या काही गाड्यांचे मूळ नट गोल बुडाचे असतात, बाहेरच्या अलॉयचे शंकूसारखे. एकाचे नट दुसऱ्याला नीट बसत नाहीत, आणि पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्यात हे कळून उपयोग नसतो.