युद्धखर्चाचे मत आणि मतदारांना द्यावयाचा हिशेब

युद्ध चुकीचे आहे, असे जाहीरपणे सांगणारा लोकप्रतिनिधी त्याच युद्धासाठी निधी मंजूर करतो, तेव्हा मतदारसंघात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो : मग तुमचा विरोध खरा कोणता? त्याने निधी नाकारला, तर प्रश्न अधिक कठोर होतो : सीमेवर लढणाऱ्या आमच्या मुलांना तुम्ही वाऱ्यावर सोडले काय? अमेरिकेच्या संसदीय इतिहासात हा पेच वारंवार उभा राहिला आहे. तो समजून घेण्यासाठी तेथील घटनात्मक रचना प्रथम पाहावी लागते.

तिजोरीची किल्ली कोणाकडे?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हा सेनादलांचा सरसेनापती असतो. परंतु कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज सरकारी तिजोरीतून पैसा काढता येत नाही, अशी तेथील राज्यघटनेची तरतूद आहे. लष्करासाठी दोन वर्षांहून अधिक काळाची तरतूद एका वेळी करता येत नाही, असेही बंधन आहे. म्हणजेच सैन्य कोठे पाठवायचे याचा निर्णय व्यवहारात राष्ट्राध्यक्ष घेतो. ते तेथे किती काळ ठेवता येईल, याची किल्ली मात्र काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, हाती राहते. अडचण अशी, की निधीचा प्रश्न मतास येतो तेव्हा सैनिक बहुधा आधीच रणभूमीवर पोहोचलेले असतात.

लिंकन यांचे पत्र

अब्राहम लिंकन 1847 ते 1849 या काळात इलिनॉयमधून प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. मेक्सिकोविरुद्धचे युद्ध 1846 मध्येच सुरू झाले होते. ज्या जागी अमेरिकी सैनिकांचे रक्त प्रथम सांडले, ती जागा खरोखर अमेरिकेची होती काय, असा प्रश्न त्यांनी ठरावांद्वारे उपस्थित केला. जानेवारी 1848 मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी हे युद्ध अनावश्यक व घटनाबाह्य रीतीने सुरू केले, अशा आशयाच्या दुरुस्तीस त्यांनी पाठिंबा दिला.

मतदारसंघात नाराजी पसरली. वकिलीतील त्यांचे भागीदार विल्यम हर्नडन यांनीही असहमती कळविली. त्यांना फेब्रुवारीत लिहिलेल्या उत्तरात लिंकन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : युद्ध कसे सुरू झाले यावरील मत हा सत्यकथनाचा प्रश्न होता आणि ते टाळणे त्यांना शक्य नव्हते, सैन्याच्या रसदीसाठी मात्र आपण मत देत आलो आहोत व पुढेही देऊ. स्पष्टीकरण नि:संदिग्ध होते, तरी विरोधकांनी त्यांची टिंगल थांबविली नाही. पक्षांतर्गत संकेतानुसार लिंकन पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्या पक्षाने ती जागा मेक्सिकोच्या युद्धात लढलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे गमावली.

इराक : एका वाक्याची किंमत

ऑक्टोबर 2003 मध्ये इराक व अफगाणिस्तानसाठी सुमारे 87 अब्ज डॉलरचे पुरवणी विधेयक सिनेटपुढे आले. जॉन केरी यांनी 2002 मध्ये युद्धाच्या अधिकारपत्रास अनुकूल मत दिले होते. हा खर्च श्रीमंतांची करसवलत कमी करून भागवावा, या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला. ती फेटाळली गेल्यावर त्यांनी मूळ विधेयकाविरुद्ध मत दिले. भूमिकेत तर्क होता. परंतु मार्च 2004 मध्ये एका सभेत, आपण आधी या रकमेच्या बाजूने व नंतर विरोधात मत दिले, असे त्यांनी सांगितले आणि तेवढेच वाक्य प्रतिपक्षाच्या निवडणूक जाहिरातीत झळकले. दुरुस्ती आणि अंतिम विधेयक यांतील भेद सभागृहात स्पष्ट असतो. मतदाराला तो समजावून सांगण्यास एक वाक्य पुरत नाही.

पुढील कसोटी 2007 मध्ये आली. सैन्यमाघारीचे वेळापत्रक जोडलेले निधी विधेयक काँग्रेसने संमत केले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 1 मे रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. तो रद्द करण्यास आवश्यक दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. अखेर 24 मे रोजी वेळापत्रकाविना निधी मंजूर झाला. प्रतिनिधिगृहात 280 विरुद्ध 142 आणि सिनेटमध्ये 80 विरुद्ध 14 मतांनी. हिलरी क्लिंटन व बराक ओबामा यांनी विरोधात मत दिले. युद्धाचे टीकाकार असूनही जो बायडेन यांनी बाजूने मत दिले. सैनिक आघाडीवर आहेत तोवर त्यांना सुरुंगरोधक चिलखती वाहने मिळालीच पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद होता. एकाच पक्षाचे, युद्धाबाबत जवळपास एकाच मताचे नेते निधीच्या प्रश्नावर असे विभागले गेले.

निधी रोखण्याचा अधिकार केवळ कागदावर नाही. 15 ऑगस्ट 1973 नंतर इंडोचायनातील लष्करी कारवाईसाठी पैसा वापरण्यास काँग्रेसने मनाई केली होती. मात्र तोपर्यंत अमेरिकेचे लढाऊ सैन्य व्हिएतनाममधून परतले होते. सैनिक संकटात पडतील, हा आक्षेप तेव्हा तितका प्रभावी राहिला नव्हता.

भारतात हा प्रश्न का उद्भवत नाही?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 113 नुसार संरक्षण खात्यासह सर्व अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढे मांडल्या जातात. परंतु संसदीय पद्धतीत मागणी फेटाळली जाणे हा सरकारवरील अविश्वास मानला जातो. 1985 मध्ये जोडलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. अनेक मागण्या मुदत संपताच चर्चेविना एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात आणि मतविभाजनाची मागणी झाल्याखेरीज कोणी कसे मत दिले याची नोंद राहत नाही. त्यामुळे खासदाराच्या वैयक्तिक मताचा जाब विचारण्याची वेळ मतदारावर क्वचितच येते.

अमेरिकेतील प्रतिनिधीला पक्षादेशाची ढाल नसते. त्याचे मत नावानिशी नोंदले जाते. म्हणूनच त्याला लिंकन यांच्याप्रमाणे दोन प्रश्नांची स्वतंत्र उत्तरे द्यावी लागतात : हे युद्ध योग्य आहे काय, आणि तेथे पाठविलेल्या सैनिकाप्रती आपले कर्तव्य काय? मतपत्रिकेवर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उमटते. उरलेले त्याला मतदारसंघात जाऊन सांगावे लागते.