छातीतली कळ म्हणजे पित्तच, असं समजू नका

शेतकरी बांधवांनो, फवारणी करताना छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला, की आपण काय म्हणतो? "पित्त झालंय." सोडा पिऊन बाजेवर पडायचं. नेमका तोच वेळ हातचा जातो. किनवटहून नांदेड, देवणीहून लातूर गाठायचं तर रस्त्यातच तास मोडतात. त्यात पित्ताचे दोन तास कशाला? लगेच १०८ ला फोन लावा.

हा खात्यापित्या शहरी माणसाचा रोग राहिला नाही. १९९० साली देशातल्या १०० मृत्यूंपैकी १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ मध्ये ते २८ झाले. मेहनत करणाऱ्याला होत नाही म्हणाल, तर खिशातली पुडी बघा. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली; पण तंबाखू-चुना, बिडी, बायाबापड्यांची मिश्री सुटली का?

रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा दुखत-खुपत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि सरपंचसाहेब, ग्रामसभेच्या दिवशी सिस्टरताईंना यंत्र घेऊन बोलवा; त्या निमित्ताने सभेला माणसंही येतील.