पंधराचा पाढा

माघातल्या वसंतपंचमीला आम्ही भाचीला घेऊन तेलंगणातल्या बासरला गेलो होतो. ज्ञानसरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यासाला ही गर्दी! दोन ते पाच वर्षांची लेकरं आईबापांच्या मांडीवर, हातात कोरी पाटी, कपाळाला हळद. धर्माबाद, नांदेड, परभणीकडची मराठी माणसं आणि निजामाबाद, हैदराबादकडची तेलुगू माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. शेजारच्या पोराला खोकल्याची उबळ आली. त्याच्या आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आमच्याकडे बघून ओशाळं हसली आणि त्याच हातानं भाचीच्या पाटीवरून घरंगळलेल्या अक्षता गोळा करून तिच्या मुठीत दिल्या.

खोकला साधाच होता. घरी आल्यावर मी मात्र वही उघडून गुणाकार करत बसलो.

गोवर घ्या. ज्यांना लस नाही आणि आधी गोवर आलेला नाही अशा माणसांत एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून उठून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. मधला आकडा पंधरा धरू आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला बारा दिवस धरू. पहिल्या पायरीला १५, दुसरीला २२५, तिसरीला ३,३७५. चौथीला ५०,६२५, म्हणजे एक तालुक्याचं गाव झालं. पाचवीला साडेसात लाखांच्या वर. सहावीला १ कोटी १३ लाख. सातव्या पायरीला १७ कोटी ८ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता आणि आजच्या तेलंगणाचा मुलूख साडेतीन कोटींचा. दोन्ही राज्यं मिळूनही सातवी पायरी भरत नाही. सात पायऱ्यांचे दिवस होतात ८४. वसंतपंचमीला मांडलेला हिशेब अक्षय्य तृतीयेला दोन-तीन दिवस उरले असतानाच संपतो.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण बहुतेक मुलांना नऊ महिन्यांनंतर एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी अशी गोवराची लस मिळालेली असते. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले की हा पाढा पहिल्याच ओळीला अडखळतो. पंचाण्णवचे ऐंशी झाले की पुन्हा चालू लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीच्या गल्ल्यांमध्ये, भिवंडी-मालेगावात तो चालू लागला होता आणि त्यात लहान मुलं गेली.

ही झाली ओळखीच्या आजाराची गोष्ट. ज्याची लसच अजून कुणी बनवलेली नाही, असा आजार आला तर? कोविडच्या विषाणूची जनुकीय मांडणी ११ जानेवारी २०२० ला जगासमोर आली आणि पूर्ण तपासलेल्या पहिल्या लशीला २ डिसेंबरला ब्रिटननं परवानगी दिली. मधले दिवस ३२६. इतक्या वेगानं लस आजवर कधीच तयार झाली नव्हती. तरीही बारा दिवसांची एक पायरी धरली, तर ३२६ दिवसांत सत्तावीस पायऱ्या होतात. हे दिवस १०० वर आणायचे, असा पण सेपी नावाच्या आंतरराष्ट्रीय आघाडीनं केला आहे. २०१७ मध्ये ही आघाडी उभी राहिली, तेव्हा नॉर्वेच्या जोडीला भारत सरकारही तिच्या संस्थापकांत होतं. शंभर दिवसांत आठ पायऱ्या. आठवीचा आकडा २५६ कोटी.

म्हणून तयारी आधी लागते आणि ती एकट्यादुकट्याची नसते. बासर ज्या दोन राज्यांच्या सीमेवर पडतं, त्यांतल्या पुण्यात आणि हैदराबादेत जगातल्या लशींचा फार मोठा हिस्सा तयार होतो. बाळांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या लशीचे थेंब आता आपल्या अंगणवाडीत तोंडात टाकले जातात. त्यातल्या एका लशीचा विषाणू ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. त्या बाळांना लागण झाली होती, पण जुलाब झाले नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांनी तो धागा सोडला नाही. हैदराबादची भारत बायोटेक, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या सरकारी संस्था, पाथ ही स्वयंसेवी संस्था, गेट्स फाउंडेशन असे हात जुळत गेले आणि ६,७९९ बाळांवर चाचणी झाली. ती दिल्लीत, वेल्लोरला आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूच्या पंचक्रोशीत. ९ मार्च २०१५ ला लस आली. विषाणू सापडल्यापासून जवळजवळ तीस वर्षं. वढूच्या आयाबायांनी आपलं लेकरू मांडीवर घेऊन त्या चाचणीला होकार दिला, हे मला त्या मोठ्या नावांइतकंच मोठं वाटतं.

या सगळ्या भागीदाऱ्यांत सही कुणाची असते? देशाची, नाहीतर कंपनीची. राज्याची क्वचितच. राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडून पाहा. सार्वजनिक आरोग्य, दवाखाने आणि इस्पितळं राज्यसूचीत. बंदरातलं विलगीकरण आणि परदेशांशी करार केंद्राकडे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ जाऊ न देणं मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांचं. रात्री दोन वाजता खाट शोधायची ती राज्यानं आणि जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेत बोलायचं ते दिल्लीनं. करार देशानंच करावेत, ते योग्यच आहे. पण माहिती, सराव, प्रयोगशाळा आणि माणसं यांच्या देवाणघेवाणीत राज्यांनी थेट बसायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिका जानेवारी २०२६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडली आणि लगोलग कॅलिफोर्नियानं त्याच संघटनेच्या साथ-इशारा जाळ्यात स्वतःच्या नावानं प्रवेश केला. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या आतबाहेर. महाराष्ट्र त्याच्या जवळजवळ तिप्पट.

खुर्ची नसली की काय होतं, ते मुंबईनं एकदा भोगलं आहे. २३ सप्टेंबर १८९६ ला मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या शहरातली निम्मी माणसं गाव सोडून पळाली. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जर्मनीकडून जंतुशास्त्रज्ञ कोख आले, फ्रान्सकडून येर्सिन आले, ऑस्ट्रियाचं पथक आलं. त्या पथकानं मुंबईतून नेलेल्या जंतूंचा संसर्ग पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत झाला आणि सेवक, परिचारिका व डॉक्टर असे तिघे दगावले. सगळ्या जगाला मुंबईची धास्ती होती. पण १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा मुंबईच्या वतीनं बोलले ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रतिनिधी. मुंबईच्या बंदरावर, हजच्या जहाजांवर बंधनं आली. त्याच मार्चच्या १० तारखेला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत देशात प्लेगनं एक कोटीहून जास्त माणसं नेली.

आता पुन्हा बासरला येऊ. स्टेशनवरून नांदेडच्या दिशेनं गाडी सुटली की पुढचं स्टेशन धर्माबाद, आणि तिथं महाराष्ट्र लागतो. धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. २.७४ टीएमसी पाण्याचा. या पाण्यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये निकाल लागला. त्यानुसार दरवर्षी १ जुलैला चौदा दरवाजे वर उचलायचे, २८ ऑक्टोबरला खाली घ्यायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. त्या-त्या दिवशी दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी बंधाऱ्यावर हजर असतात. पाण्याचा हिशेब दशांशापर्यंत ठरला आहे. त्याच पाण्याबरोबर काय वाहत जातं, त्याचा असा दिवस ठरलेला नाही. पटकीच्या एका रुग्णाच्या जुलाबात एका मिलिलिटरला दहा कोटी जंतू असू शकतात आणि दिवसाला दहा लिटर जुलाब होऊ शकतात. गुणाकार केला तर एका माणसातून एका दिवसात एक लाख कोटी जंतू. पृथ्वीवरच्या माणसांच्या सव्वाशे पट. रोगांच्या नोंदीचा देशव्यापी कार्यक्रम २००४ पासून आहे, २०२१ मध्ये त्याचं नवं ऑनलाइन रूप आलं आणि त्यानं खरोखर फरक पडला आहे. पण त्याची बांधणी जिल्हा, राज्य, दिल्ली अशी उभी आहे. नदी आडवी वाहते.

२०२७ मध्ये गुरू सिंह राशीत असेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आणि बासरपासून राजमहेंद्रीपर्यंत गोदावरीच्या स्नानाचं पर्व, पुष्कर. वर्ष एकच आणि नदीही एकच, १,४६५ किलोमीटरची. २०१३ च्या प्रयागच्या कुंभात पंचावन्न दिवसांत बारा कोटी माणसं येऊन गेल्याचा अंदाज होता. तिथल्या दवाखान्यांत वहीवर नाव, वय, तक्रार, औषध लिहीत. हार्वर्ड विद्यापीठाच्या गटानं त्या वह्या रोजच्या रोज टॅब्लेटवर चढवल्या आणि ४९ हजार रुग्णांच्या नोंदी साथीच्या नजरेनं पाहता आल्या. २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थात महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेच्या जोडीनं तशीच व्यवस्था उभी राहिली. राज्यानं बाहेरच्या जगाशी थेट हात मिळवला, तो असा. तो हात सिंहस्थ उठला तरी सुटायला नको होता.

यंदा माझं मागणं लहान आहे. पुष्कराच्या आधी बासरच्या आणि धर्माबादच्या सरकारी दवाखान्यातल्या वह्यांचे रकाने एकसारखे करा, तक्रारींना तेलुगू-मराठी दोन्हींत एकच खूण द्या, आणि त्या रोज संध्याकाळी एकमेकांना दिसू द्या. नाशिकच्या नोंदी त्यांना जोडा, आणि मग हे सगळं जगाच्या जाळ्याला जोडा, दोन्ही राज्यांच्या नावानं.

परतीच्या गाडीत भाचीच्या पाटीवरचा पहिला ‘श्री’ निम्मा पुसला गेला होता. तिनं तो बोटानं पुन्हा गिरवला, आणि तेवढ्यात धर्माबाद आलं.