टाकीतल्या झाडाला किती उजेड हवा?

भाटघरच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली मुलं हल्ली फिशटँकचे फोटो पाठवतात. ‘बाई, एवढा भारी लाइट लावला, तरी झाडं पिवळी पडतात आणि काचेवर नुसतं शेवाळ.’ बहुतेकांना माझं उत्तर एकच असतं: उजेड कमी करा.

यांनीच वर्गात हायड्रिलाचा प्रयोग केलेला असतो. चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यांवर उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. शेजारी दिवा लावला की तुटक्या देठातून बुडबुड्यांची माळ सुटते. दिवा लांब सरकवला की माळ विरळ होते, जवळ आणला की दाट. पण एका टप्प्यानंतर दिवा कितीही जवळ आणा, बुडबुडे वाढत नाहीत. मग पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, की पुन्हा भराभर सुरू! म्हणजे तेव्हा उजेड भरपूर होता, कमी पडत होता तो कार्बन. ज्याचा तुटवडा तेच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवतं, हा नियम ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली मांडला. घरच्या टाकीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसेल, तर झाडांना न पचलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

म्हणून आधी झाडं ठरवा, मग दिवा. अनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरायन ही सावलीतली मंडळी. क्रिप्टोकोरायनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आपसूक वाढतात. लाल रोटाला किंवा तळाशी पसरणारी हिरवळ हवी असेल, तर जास्त उजेडाबरोबर गॅसचाही खर्च धरा.

खोक्यावरचे वॅट म्हणजे विजेचा खप. बघायचे ते ल्यूमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा उजेड. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत साधारण ५४ लिटर पाणी मावतं. दहा वॅटची दोन फुटी एलईडी बॅटन सुमारे १००० ल्यूमेन देते, म्हणजे लिटरला १८-१९. ढोबळ हिशेबाने १५ ते २५ ल्यूमेन सावलीतल्या झाडांना पुरतात. रंग ६५०० केल्विनचा, ज्याला दुकानदार ‘कूल डेलाइट’ म्हणतात, तो घ्या. गुलाबी-जांभळ्या दिव्याखाली झाडं वाढतात, पण मासे आणि पानं ओळखू येत नाहीत. मला तो सौदा पटत नाही.

टाकी खोल असेल तर हा हिशेब अपुरा पडतो, कारण पाणी उजेड गिळतं. आपल्या भाटघरच्या लॉईड धरणाचंच बघा. पावसाळ्यात वेळवंडी नदी गढूळ होते तेव्हा काठाच्या पाण्यातला दगडही दिसत नाही. गाळ बसला की तोच दगड स्वच्छ दिसतो. टाकीत ठेवलेल्या लाकडाचा तांबूस रंग पाण्यात उतरला की थोड्या प्रमाणात हेच होतं. वरच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तोही उजेड अडवतो. व्हिनेगरच्या फडक्याने तो निघतो. नवा दिवा आणण्याआधी काच पुसा.

उजेड किती तास, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला सहा तास, झाडं रुजल्यावर फार तर आठ. त्यासाठी टायमर हवाच, आणि तो बॅटरीवर वेळ राखणारा घ्या. आमच्याकडे वीज गेली की चकतीचा साधा टायमर तिथेच थांबतो आणि चार-दोन दिवसांत दिवा भलत्याच वेळी लागायला लागतो. टाकी खिडकीच्या थेट उन्हात नको. बॅटन काचेच्या झाकणावर ठेवा. वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली टपकेल.

मग दोन-तीन आठवडे काही बदलू नका. त्यानंतर देठवाल्या झाडांचे नवे शेंडे बघा. देठ लांबुडके, पानं दूरदूर आली असतील तर अर्धा तास वाढवा. शेंडे भरगच्च असूनही जुन्या पानांवर शेवाळाचे धागे दिसले, तर तासभर कमी करा.