मूषकांचा उपद्रव आणि श्रावकाचे घर

भंडारा जिल्हा भाताचा. भंडारा रोड स्थानकाच्या वरठी गावातही सुगीनंतर धान्य घरात येते आणि त्यामागोमाग उंदीर. विषाची गोळी स्वस्त खरी. परंतु रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवस तडफडून मरतो व त्याला खाणारे घुबडही दगावू शकते. अशी संकल्पी हिंसा श्रावकास वर्ज्य आहे.

तथापि उपेक्षाही परवडणारी नाही. १८९६ च्या मुंबईतील प्लेग उंदरांवरील पिसवांनी पसरविला. लेप्टोस्पायरोसिस आजही त्यांच्या मूत्रातून पसरतो.

म्हणून प्रतिबंध हाच मार्ग. धान्य पत्र्याच्या कोठीत, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवावीत. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून स्वयंपाकघर झाडले, तर निशाचर उंदरास रात्री काही उरत नाही. तरीही आलेले उंदीर पिंजऱ्यात धरून सकाळीच वस्तीबाहेर सोडावेत. मादी लेकुरवाळी असल्यास पिल्लांसह. अखेरीस फटी सिमेंट व लोखंडी जाळीने बुजवाव्यात, मात्र बीळ रिकामे असल्याची खात्री झाल्यावरच. जीव आत असता बुजविलेले बीळ विषाहून वेगळे नव्हे.