पावसातली सायकल: निघा, पण हे बघून निघा

जुलैत पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे सायकल काढली की भरलेली भातखाचरं आणि डोंगरावर उतरलेले ढग सोबतीला येतात. हे सुख पावसाच्या भीतीने सोडू नका.

आधी हवामान खात्याचा इशारा बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ताम्हिणी घाट नकोच, दरडी कोसळतात. ढग गडगडत असतील तरी घरीच थांबा. साध्या सरी असतील तर खुशाल निघा.

रस्ता सगळ्यात निसरडा असतो तो पहिल्या सरीत, कारण डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं सरळ ओलांडा. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. रिम ब्रेक असतील तर आधी हलकेच दाबून रिमवरचं पाणी निपटून घ्या, मग जोर लावा. डिस्क ब्रेकला हा त्रास बराच कमी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवली की पकड सुधारते. डबक्याखाली खड्डा आहे असंच धरून चाला.

मडगार्ड हवंच, मागून येणाऱ्या मित्रासाठी तरी! परतल्यावर साखळी पुसून, वाळवून लगेच तेल द्या, नाहीतर गंज धरलाच.

आणि एक कळकळीची विनंती: मागचा लाल दिवा भरदिवसाही चालू ठेवा. धो धो सरीत ट्रकवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत.