साखरेची वही

आमच्या आप्तवर्गात महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून होते. साखरेचा आजार जडल्याचे कळताच त्यांनी रोजकीर्दीच्या शिरस्त्याने एक वही आखली आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तीत तांबड्या शाईने सात वर्षे बिनचूक नोंदवली. आठव्या वर्षीच्या श्रावणात मात्र नोंदी विरळ झाल्या, भाद्रपदात आठवड्याला एखादी उरली, आणि पुढची पाने कोरीच राहिली. दवाखान्याच्या कागदावर शेरा पडला, ‘पथ्य पाळत नाहीत’. घरच्यांनीही तोच दोष त्यांच्या माथी मारला. ज्या गृहस्थाने हयातभरात एक दाखला उशिरा दिला नाही, त्याला दोन आकडे लिहिण्याचेही त्राण का उरू नये, याची विचारपूस कोणी केली नाही. मीही केली नाही, हे शल्य अजून आहे.

मधुमेह आणि नैराश्य यांचे साहचर्य वैद्यकाला नवे नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात, ज्यांत मधुमेह मोडतो त्या वातज प्रमेहांची कारणे सांगताना उद्वेग आणि शोक यांचा उल्लेख येतो. आणि सतराव्या शतकात, या रोग्यांच्या मूत्राचे माधुर्य युरोपीय वैद्यांच्या नजरेस आणणाऱ्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानेही दीर्घ दुःखाला या रोगाच्या कारणांत स्थान दिले. पुढे रक्तातील साखर मोजता येऊ लागली, आणि जे मोजता येईना ते हळूहळू मागे पडले.

नव्या संशोधनाने या नात्याच्या दोन्ही दिशा उघड केल्या आहेत. अनेक दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून 2008 साली जो हिशेब मांडला गेला, त्यात नैराश्यग्रस्त प्रौढांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी, तर मधुमेहींना नैराश्य जडण्याचा धोका सुमारे 15 टक्क्यांनी अधिक आढळला. मनःक्लेश दीर्घकाळ टिकला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, यकृत रक्तात अधिक साखर सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. शिवाय झोप मोडते, सकाळचे चालणे सुटते, गोळी राहून जाते. उलटपक्षी, पायाच्या जखमेचे आणि दृष्टीचे भय उशाशी घेऊन रोज पथ्याचा जमाखर्च ठेवणारे मन कधीतरी थकतेच.

निदानातली खरी अडचण अशी, की थकवा, निद्रानाश आणि भुकेतला फरक ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच दिसतात, त्यामुळे सारे साखरेच्या खाती जमा होते. म्हणून ‘पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागते का?’ एवढे तरी विचारलेच पाहिजे. ‘टेन्शन घेऊ नका’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

विचारल्याने फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टण येथील दवाखान्यांत 404 मधुमेहींवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डॉक्टर नसलेले पण प्रशिक्षित सेवक रुग्णांच्या मनाची आणि साखरेची एकत्रच दखल घेत, आणि त्यांच्यामागे तज्ज्ञांचा सल्ला असे. अशी देखभाल वर्षभरच होती. तरी दोन वर्षांच्या अखेरीस नैराश्याची लक्षणे निम्म्याने उतरून साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारलेले रुग्ण त्या गटात 71.6 टक्के निघाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात 57.4 टक्के.

ती वही मी परवा पुन्हा उघडली. शेवटची नोंद उपाशीपोटी 212 अशी आहे. जेवणानंतरचा रकाना पट्टीने नीट आखलेला आहे, आणि रिकामा.